सारखा दिसला म्हणून सारखा नसतो : कार्बोरेटर बदलताना घ्यावयाची काळजी



या पानावर आम्ही एरवी अभ्यास, शिस्त, निकाल अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा, खरे म्हणजे थोडा तेलकट आहे. आपल्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी दिलेला पेट्रोलवर चालणारा एक लहान जनरेटर आहे. पावसाळ्यात वीज गेली की दहावीच्या सायंकाळच्या अभ्यासिकेचे दिवे आणि पंखे त्याच्यावर चालतात. गेल्या पावसाळ्यात तो बंद पडला, आणि तो दुरुस्त करताना आम्ही अशी चूक केली की इंजिन कायमचे निकामी होण्याची वेळ आली. नव्या जनरेटरचा खर्च विश्वस्त मंडळापुढे ठेवण्याचे पत्रही आम्ही लिहून ठेवले होते. ते पत्र पाठवावे लागले नाही. एका पालकांचा अनुभव आणि नववीच्या मुलांनी फळ्यावर मांडलेले गणित यांनी इंजिन वाचवले. निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातील आपल्या अनेक पालकांकडे फवारणी पंप, पॉवर वीडर किंवा पाण्याचे छोटे इंजिन आहे. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत सविस्तर देत आहोत.

आमची चूक

जनरेटर पाच-सहा महिने न वापरता खोलीत पडून होता. टाकीत आणि कार्बोरेटरच्या वाटीत जुने पेट्रोल तसेच राहिले होते. पावसाळ्यात दोरी ओढून ओढून शिपाई मामांचे हात दुखले, पण इंजिन दाद देईना. वाटी उघडली तर तळाशी पाणी, पांढरी भुकटी आणि चिकट राळ. कार्बोरेटरचे अंग आतून खाल्ले गेले होते. साफ करण्यापलीकडे गेलेला तो भाग बदलणे भागच होते.

आम्ही काय केले? जुना कार्बोरेटर पिशवीत घालून मामांना दुकानात पाठवले आणि सांगितले, "अगदी असाच दिसणारा घेऊन या." ते अगदी तसाच दिसणारा घेऊन आले. नटबोल्ट बरोबर बसले. इंजिनही चालू झाले. पण ते एका लयीत चालेना. आवाज वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई, दमेकऱ्याने श्वास ओढावा तसा. दिवे-पंखे जोडले की इंजिन दबून जाई. मामांनी युक्ती काढली, चोक अर्धा ओढून ठेवायचा. तसे केले की इंजिन शांत होई. दोन संध्याकाळी आम्ही ते तसेच चालवू दिले आणि काम भागले या समाधानात राहिलो. तिसऱ्या दिवशी सायलेन्सरजवळचा भाग नको इतका तापू लागला, तेव्हा डोळे उघडले.

आपल्या एका विद्यार्थ्याचे वडील निपाणी भागात इंजिन दुरुस्तीचे काम करतात. मुलाला भेटायला आले असता त्यांनी ते यंत्र पाहिले. दोन्ही कार्बोरेटर शेजारी शेजारी ठेवले, वाट्या खोलल्या, उजेडाकडे धरले आणि हसून म्हणाले, "सर, तोंड सारखं हाय, पण गळा बारीक हाय की याचा!"

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बर्नोलीचा सिद्धांत आम्ही हिंदीतून घोकला, परीक्षेत लिहिला आणि त्यावर चांगले गुणही मिळवले. पण तोच सिद्धांत ज्या वस्तूत काम करतो, ती वस्तू आम्ही आयुष्यात एकदाही उघडून पाहिली नव्हती. मेस्त्रींच्या त्या एका वाक्याने आम्हाला आमची जागा दाखवली. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना नववीच्या विज्ञान मंडळापुढे बोलावले.

कार्बोरेटर करतो तरी काय?

पेट्रोल नुसते जळत नाही, ते हवेशी ठराविक प्रमाणात मिसळावे लागते. १ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरकडे असते. फवारा पद्धतीचा कार्बोरेटर जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास प्रचारात आणला. त्यामागचे तत्त्व मात्र त्याहून जुने, डॅनियल बर्नोली यांनी १७३८ मध्ये मांडलेले आहे.

कार्बोरेटरच्या मधोमध नळी अरुंद होते. तिला व्हेंचुरी म्हणतात. इंजिन हवा ओढते तेव्हा त्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. दाबातील या फरकामुळे पेट्रोल वर ढकलले जाते आणि हवेत फवारले जाते. वर जाताना ते एका पितळी तुकड्याच्या बारीक छिद्रातून जाते. हा तुकडा म्हणजे जेट. इंजिनावर भार असताना मुख्यतः मेन जेट पेट्रोल पुरवतो, भार नसताना किंवा कमी असताना पायलट जेट. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो, शौचालयाच्या टाकीतला गोळा पाणी सांभाळतो तसाच.

जेट बारीक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. याला मिश्रण लीन झाले म्हणतात. असे इंजिन जास्त तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळू शकतो. जेट मोठा असेल तर मिश्रण रिच होते, काळा धूर येतो, प्लगवर काजळी धरते आणि पेट्रोल वाया जाते. आमच्या इंजिनाला पहिला आजार होता. अर्धा चोक ओढल्यावर हवा कमी होऊन ते सुधारत होते, हीच त्याची खूण होती. आम्ही तिला इलाज समजलो.

योग्य कार्बोरेटर ओळखावा कसा?

मेस्त्रींनी मुलांना सांगितलेला क्रम असा :

१. आधी इंजिनाची पाटी वाचावी. मॉडेल, प्रकार आणि क्रमांक वहीत उतरून घ्यावेत. एकाच मॉडेलचे इंजिन पाण्याच्या पंपावर, वीडरवर आणि जनरेटरवर बसते, पण तिन्हींचे कार्बोरेटर वेगळे असू शकतात. आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे लहान जनरेटर बहुधा मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालतात. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे तेच यंत्र ३६०० फेऱ्यांवर चालवतात. बाहेरून आलेला सुटा भाग कोणत्या यंत्रासाठी बनला आहे, हे म्हणून विचारावे.

२. जुन्या कार्बोरेटरच्या अंगावरची अक्षरे पाहावीत. बाजूला किंवा बोल्टच्या पट्टीवर कंपनीचे नाव आणि एक छोटा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. ब्रशने आणि थोड्या रॉकेलने पुसले की तो दिसतो. सुट्या भागाच्या दुकानात छायाचित्रापेक्षा हा क्रमांक जास्त कामाचा.

३. क्रमांक मिळाला नाही तर मोजमाप घ्यावे. व्हर्नियर कॅलिपरने बोल्टच्या दोन छिद्रांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत, इंजिनाकडच्या तोंडाचा व्यास आणि सर्वांत अरुंद जागी गळ्याचा व्यास मोजावा. प्रयोगशाळेत व्हर्नियर वापरून आपण लाकडी ठोकळे मोजतो, त्याच व्हर्नियरने हे मोजता येते.

४. दांडे आणि नळ्या तपासाव्यात. पेट्रोलची नळी कोणत्या बाजूने येते, चोकचा दांडा कुठे आहे, गव्हर्नरची तार थ्रॉटलच्या कोणत्या छिद्रात अडकते, हे जुळले पाहिजे. छिद्र थोडे पुढे-मागे असले तरी वेग नीट आवरत नाही.

५. मधले गॅस्केट आणि काळा इन्सुलेटर जुन्या क्रमाने आणि जुन्याच दिशेने बसवावेत. तिथून हवा शिरली तरी मिश्रण लीन होते आणि माणूस उगाच जेटला दोष देत बसतो.

६. पाठीवरच्या फवारणी पंपाला आणि गवत कापणीच्या यंत्राला अनेकदा वाटी-फ्लोटचा नव्हे, पडद्याचा म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर असतो, कारण ते यंत्र तिरके झाले तरी चालावे लागते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

जेटचा नंबर आणि फळ्यावरचे गणित

वाटी खोलल्यावर मेन जेट मधल्या खांबाच्या टोकाशी दिसतो. त्याच्या तोंडावर बारीक आकडा असतो. आमच्या जुन्या जेटवर ७० होता, नव्यावर ६५. आम्हाला वाटले, पाचाने काय बिघडते?

इथे नववीची मुले पुढे सरसावली. या जेटच्या पद्धतीत आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ७० म्हणजे ०.७० मिलिमीटर. पण पेट्रोल जाते ते छिद्राच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ६५ चा वर्ग ४२२५, ७० चा वर्ग ४९००. भागाकार केला तर ०.८६. म्हणजे पाच आकड्यांच्या फरकाने पेट्रोल सुमारे १४ टक्के कमी झाले. फळ्यावर हे उत्तर आले तेव्हा मेस्त्री म्हणाले, "हे आम्ही हातानं वळखतो, पोरांनी कागदावर वळखलं."

एक इशारा महत्त्वाचा. सर्व कंपन्यांचे आकडे एकाच अर्थाचे नसतात. काहींचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो, तर काहींचा मिनिटाला किती पेट्रोल वाहते ते सांगतो. एका कंपनीचा ७० आणि दुसरीचा ७० यांची तुलना करू नये. स्वस्त नकलेच्या जेटवर पुष्कळदा आकडाच नसतो.

बेळगावची उंची आणि आपल्या उसाचे इथेनॉल

मग जुना ७० नंबरचा जेट काढून नव्यात बसवला की झाले? आटे आणि लांबी जुळत होती, तसे करताही आले. पण मेस्त्रींनी दोन गोष्टी विचारायला लावल्या.

पहिली गोष्ट उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असते. कार्बोरेटर हवेचे वजन करत नाही. हवा विरळ झाली की त्याच जेटमधून मिश्रण साधारण साडेतीन ते चार टक्के रिच होते. म्हणजे उंचीसाठी जेट किंचित लहान हवा.

दुसरी गोष्ट इंधन. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या बेळगाव जिल्ह्यात आहेत, तेव्हा हा विषय आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, म्हणून १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला सुमारे १३.५ ग्रॅम. याचा अर्थ तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत इंधन सुमारे ९ टक्के जास्त लागते. म्हणजे इंधनासाठी जेट मोठा हवा.

मूळ ७० चा जेट शुद्ध पेट्रोल आणि समुद्रसपाटीजवळची हवा धरून दिला असावा, असे मुलांनी मानले. ९ टक्के अधिक, ४ टक्के वजा, बाकी उरते सुमारे ५ टक्के. क्षेत्रफळ ५ टक्के वाढवायचे तर व्यास सुमारे अडीच टक्के वाढवावा लागतो. ७० चे होतात जवळजवळ ७२. ताळा पाहिला : ७२ चा वर्ग ५१८४, त्याला ४९०० ने भागले की १.०५८, म्हणजे सुमारे ६ टक्के अधिक. ७५ घेतला तर थेट १५ टक्के अधिक होतात.

इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. फार पाणी शोषले गेले की पाणी-इथेनॉल वेगळे होऊन वाटीच्या तळाशी बसते आणि धातू खाते. आमच्या वाटीतील पांढऱ्या भुकटीचा उलगडा इथे झाला. दोष इंधनाचा कमी, ते महिनोन् महिने तसेच ठेवणाऱ्या आमचा जास्त.

शेवटचा निकाल इंजिन देते

गणित दिशा दाखवते, निकाल इंजिन देते. म्हणून आम्ही ७०, ७२ आणि ७५ असे तीन जेट एकाच मालिकेतले आणले. आधी एअर फिल्टर धुतला, ताजे पेट्रोल भरले, फ्लोटची पातळी पाहिली, नवा प्लग लावला. दर वेळी फक्त जेट बदलायचा, बाकी काहीही नाही. प्रयोगवहीत आपण हेच शिकवतो : एका वेळी एकच बदल.

मोकळ्या पटांगणात, प्रत्येक जेटवर इंजिन दहा मिनिटे तापवून त्यावर हॅलोजन दिव्यांचा सारखाच भार दिला. मग चोक थोडा ओढून पाहिला. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले तर मिश्रण अजून लीन, लगेच दबले तर पुरेसे. त्यानंतर भारावरच इंजिन बंद केले आणि थंड झाल्यावर प्लग काढून पाहिला.

७० वर इंजिन पुष्कळ सुधारले, पण पूर्ण भारावर चोक किंचित ओढला की आवाज अजून भरदार होई. प्लग पांढुरका होता. ७२ वर चोकची गरज संपली आणि प्लगचा रंग फिक्या चहासारखा आला. ७५ वर धूर दिसू लागला आणि प्लगवर काजळी धरली. आम्ही ७२ ठेवला. वहीत तारीख, जेटचा आकडा आणि कार्बोरेटरवरचा सांकेतिक क्रमांक लिहून, तेच जनरेटरच्या पत्र्यावरही रंगाने लिहून ठेवले. पुढच्या माणसाला "असाच दिसणारा" असे सांगावे लागू नये.

आपल्या पालकांनी मात्र आमचा ७२ उचलून स्वतःच्या यंत्रात घालू नये. आपल्या इंजिनाच्या मूळ जेटपासून सुरुवात करावी आणि एकेक पायरीने पुढे जावे.

काही सावधगिरी

जेटमध्ये तार घालून टोकरू नये, ड्रिलने छिद्र मोठे करू नये. पितळ मऊ असते, ओरखड्यानेही आकडा खोटा ठरतो. कार्बोरेटर क्लीनरने धुऊन हवेने फुंकावे. जेट खोलायला खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. वाटी उघडण्याआधी इंजिन थंड होऊ द्यावे आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. जवळ विडी, काडी, दिवा नको. महिनाभर यंत्र वापरायचे नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीतले उरलेले पेट्रोल काढून टाकावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जनरेटर कधीही खोलीत, व्हरांड्यात किंवा खिडकीजवळ चालवू नये. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि मिश्रण रिच असेल तर तो अधिकच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. पाऊस आहे म्हणून जनरेटर आत घेण्याचा मोह कोणत्याही घरी होऊ देऊ नका.

जाता जाता

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे त्यांच्या घराण्याच्या नावाची इंजिने गावोगावच्या विहिरींवर पोहोचली. आज उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत आपले कितीतरी माजी विद्यार्थी काम करतात. ही परंपरा आपल्या दाराशी असताना आपली मुले व्हर्नियरने फक्त लाकडी ठोकळे मोजत राहावीत, हे बरे नव्हे. एप्रिल २०२० नंतर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला, पण शेतातल्या यंत्रांत तो अजून आहे आणि तो समजणारी माणसेही आपल्यातच आहेत.

म्हणून यापुढे महिन्यातून एका शनिवारी विज्ञान मंडळाच्या तासाला एका पालकांना त्यांच्या हत्यारांसह बोलवायचे आम्ही ठरवले आहे. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. इंग्रजी किंवा शुद्ध मराठी यायलाच हवी अशी अट नाही. विश्वस्त मंडळास विनंती एवढीच की, नव्या जनरेटरऐवजी एक व्हर्नियर कॅलिपर संच आणि एक पान्यांची पेटी मंजूर करावी.

त्या आठवड्यात पुन्हा वीज गेली. पटांगणाच्या कडेला जनरेटर एका सुरात चालू होता आणि दहावीची मुले बीजगणित सोडवत बसली होती. कोणी मान वर करून पाहिलेही नाही. यंत्र नीट चालले आहे याची याहून चांगली खूण आम्हाला ठाऊक नाही.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक